पाय चालू लागला, डोक्याचं काय? पक्षाघात विभागांना खुले पत्र

प्रति,
पक्षाघात विभागांचे प्रमुख, पुनर्वसन विभागांचे प्रशासक आणि आरोग्यविम्याचे दावे मंजूर करणारे अधिकारी

सादर नमस्कार.

माझ्या थोरल्या बहिणीवर जिथे उपचार झाले, तिथल्या पुनर्वसन विभागाने अलीकडे एक नियम केला आहे. रुग्ण आधाराशिवाय चालू लागला, स्वतःचे कपडे स्वतः घालू लागला, की त्याचे पुनर्वसन पूर्ण झाले असे धरायचे आणि त्याचे नाव यादीतून कमी करायचे. लक्ष, स्मरण आणि नियोजन यांवर काम करणारी सत्रे ‘पूरक सेवा’ ठरली आणि त्याच नियमाखाली बंद झाली. आम्ही विनंती केली. उत्तरादाखल मेंदूला ताकद देणारी म्हणून एक गोळी लिहून मिळाली आणि मोबाइलवर कोडी सोडवत जा, असे सांगून आमची बोळवण झाली. विम्याच्या कार्यालयाने हालचाल पूर्ववत झाल्याचे कारण देऊन पुढच्या थेरपीचा खर्च नाकारला.

प्रश्न एकाच रुग्णालयाचा असता तर तिथे अर्ज देऊन मी थांबले असते. पण ओपीडीच्या बाकांवर शेजारी बसलेल्या नातेवाइकांकडून मी हेच ऐकत आले आहे. कुणाचे वडील चालतात, पण औषध घेतले की नाही ते त्यांना आठवत नाही. कुणाची पत्नी छान बोलते, पण एखादे काम सुरू करून तडीला नेऊ शकत नाही. या सगळ्यांच्या फायलींवर ‘प्रगती उत्तम’ लिहिलेले असते. म्हणून हे पत्र तुम्हाला आणि तुमच्याबरोबर सगळ्यांना.

ताई मुद्रितशोधक आहे. आयुष्यभर इतरांच्या लिखाणातल्या चुका तिने टिपल्या. मेंदूच्या उजव्या भागात गुठळी अडकली आणि डावी बाजू लुळी पडली. वेळेवर उपचार मिळाले, पाय सावरला, हातही बराचसा आला. त्यासाठी राबलेल्या डॉक्टरांचे, परिचारिकांचे आणि फिजिओथेरपिस्टचे उपकार आम्ही विसरणार नाही. डिस्चार्जच्या कागदावर एक ओळ होती, ‘स्मृती व आकलन: ठीक’. तिला तिचे नाव, वार आणि ठिकाण विचारले होते. तिन्ही तिने बरोबर सांगितले होते.

घरी आल्यावर तिने कागद हातात घेतला आणि ओळ मधूनच वाचायला लागली. पानाची डावी बाजू तिच्या लेखी नव्हतीच. ‘अपूर्ण’ हा शब्द ती ‘पूर्ण’ असा वाचायची, ‘असमाधानकारक’चे ‘समाधानकारक’ व्हायचे, आणि वाक्याचा अर्थ लागत नाही म्हणून लेखकावर चिडायची. चष्म्याचा नंबर तपासला, डोळ्यांत दोष नव्हता. केस विंचरायची ते उजव्या बाजूचेच. दारातून जाताना डावा खांदा चौकटीवर आपटायचा. आणि काही त्रास होतो का विचारले, तर अगदी मनापासून सांगायची, ‘मला काहीही झालेलं नाही.’

मेंदूच्या उजव्या बाजूच्या पक्षाघातात हे वारंवार दिसते. डोळे पाहतात, पण लक्ष डावीकडे वळतच नाही. आणि आपले काही निसटते आहे ही जाणीव करून देणारी यंत्रणाच जखमी झाल्यामुळे रुग्ण तक्रार करत नाही. घरच्यांना तो हट्टीपणा वाटतो, वरवर पाहणाऱ्या डॉक्टरांना तब्येत ठणठणीत वाटते. हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते. पुढे एका ऑक्युपेशनल थेरपिस्टने, म्हणजे रोजची कामे पुन्हा करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाने सांगितले, आणि तिच्याकडचीच सत्रे आता बंद झाली आहेत.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार: तुम्ही तपासतच नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२३ च्या निवेदनानुसार, पक्षाघातानंतरच्या पहिल्या वर्षात ६० टक्क्यांपर्यंत रुग्णांना आकलनाच्या काही ना काही अडचणी येतात. ज्या अडचणी अर्ध्याहून अधिक लोकांना येऊ शकतात, त्यांच्यासाठी तीन प्रश्न? तपासायची साधने नाहीत असेही नाही. मोका ही ३० गुणांची चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली, तिला साधारण १० मिनिटे लागतात. तिची एक अडचण आहे. ज्याची वाचाच गेली आहे किंवा ज्याला डावीकडचे दिसत नाही, त्याचे गुण भलत्याच कारणाने कमी होतात. म्हणून खास पक्षाघाताच्या रुग्णांसाठी ऑक्सफर्डमध्ये वेगळी चाचणी तयार झाली आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत भाषा, लक्ष, स्मरण, आकडे आणि हालचालींची आखणी यांचा स्वतंत्र हिशेब मिळतो. कागदावर विखुरलेल्या छोट्या रेघांवर काट मारायला सांगणे ही तर त्याहून सोपी गोष्ट. ताईला तो कागद दिला तेव्हा तिने उजवीकडच्या सगळ्या रेघा काटल्या, पेन खाली ठेवले आणि म्हणाली, ‘झालं.’ एक कागद आणि एक पेन पुरे होते. खाटेवर असतानाच हे झाले असते तर ‘ठीक’ हा शब्द कुणी लिहिला नसता.

याच तक्रारीचा दुसरा भाग असा की फॉलोअपला तुम्ही फक्त रुग्णाला विचारता. ज्याला स्वतःची अडचण कळत नाही, तो काय सांगणार? नियोजनाची क्षमता गेलेला माणूस डॉक्टरांसमोर १० मिनिटे उत्तम बोलतो, कारण प्रश्न डॉक्टर विचारत असतात, क्रम डॉक्टर ठरवत असतात. घरी सगळा दिवस त्याने स्वतः रचायचा असतो आणि घोडे तिथेच अडते. सोबत आलेल्या माणसाला दोन मिनिटे बाहेर बोलावून विचारा. आम्ही सांगायला तयार बसलेलो असतो.

दुसरी तक्रार गोळीची. गैरसमज नको: रक्तदाबाची, रक्त पातळ ठेवणारी, कोलेस्टेरॉलची औषधे पुन्हा झटका येऊ नये म्हणून असतात आणि ती कुणीही स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. मी बोलते आहे ते ‘मेंदूच्या टॉनिक’बद्दल. पक्षाघाताने गेलेले लक्ष किंवा स्मरण परत आणून देते असे सिद्ध झालेले औषध आज नाही. सिटिकोलिन या अशाच एका औषधाची गुठळीच्या पक्षाघातात मोठी चाचणी झाली. २,२९८ रुग्ण त्यात होते आणि २०१२ मध्ये निष्कर्ष आला की ९० दिवसांनंतरच्या बरे होण्यात औषध घेणारे आणि नुसती साखरेची गोळी घेणारे यांच्यात फरक नव्हता. फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध सर्वांना दिले तर हातपाय लवकर सुधारतील अशी आशा होती. २०१८ च्या फोकस चाचणीत ३,१२७ रुग्णांमध्ये ती खोटी ठरली आणि हाडे मोडण्याचे प्रमाण मात्र वाढलेले दिसले. (नैराश्य असेल तर त्याचे उपचार झालेच पाहिजेत, तो विषय वेगळा. पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते, आणि तेही विसरभोळेपणा समजून सोडून दिले जाते.) एवढे माहीत असताना थेरपीच्या जागी चिठ्ठीवर गोळी लिहिणे म्हणजे कुटुंबाला खोटी आशा देणे आहे. गोळी लिहायला मिनिट लागते, थेरपीला माणूस आणि वेळ लागतो, हे मला समजते. पण ती अडचण तुमच्या व्यवस्थेची आहे, तिची किंमत रुग्णाने का मोजायची?

मग गोळीखेरीज आहे तरी काय, असे विचारले जाते म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

ताईसाठी त्या थेरपिस्टने पानाच्या डाव्या कडेला लाल रंगाची जाड उभी पट्टी चिकटवली. नियम एकच: लाल पट्टी दिसल्याशिवाय ओळ वाचायला सुरुवात करायची नाही. सुरुवातीला प्रत्येक ओळीला ‘लाल कुठे आहे?’ असे विचारावे लागायचे. मग ती स्वतःशी पुटपुटायला लागली, मग मनातल्या मनात विचारायला लागली. पट्टी हळूहळू बारीक केली, पुढे नुसता पेन्सिलचा ठिपका ठेवला. नजर मुद्दाम डावीकडे नेण्याचा हा सराव १९७० च्या दशकापासून वापरात आहे. दुसरा मार्ग प्रिझमच्या चष्म्याचा. काचांमुळे समोरचे सगळे उजवीकडे सरकलेले दिसते, बोट नेम चुकून उजवीकडे जाते, मग मेंदू हाताला डावीकडे वळवायला शिकतो. चष्मा काढला तरी तो डावीकडचा कल काही काळ टिकतो. फ्रान्समधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये हे दाखवले, आणि तेव्हा काही मिनिटांच्या सरावाचा परिणाम निदान दोन तास टिकला होता. रोजच्या व्यवहारात त्याचा किती फायदा होतो याबद्दल नंतरच्या अभ्यासांचे एकमत नाही, हेही सांगायला हवे.

स्मरणाचे तंत्र वेगळे. ज्याचे स्मरण खूप दुबळे झाले आहे त्याला ‘आठवून बघ’, ‘ओळख बघू मी कोण?’ असे सतत विचारत राहणे अपायाचे ठरू शकते. बॅडली आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये दाखवले की अशा माणसाने अंदाजाने चुकीचे उत्तर दिले तर चूक केल्याची घटना त्याच्या लक्षात राहत नाही, पण चुकीचे उत्तर मात्र डोक्यात रुतून बसते. म्हणून उत्तर आधी सांगायचे, बरोबरच वदवून घ्यायचे, मग थोडे थोडे अंतर वाढवत पुन्हा विचारायचे. किती घरांत प्रेमापोटी याच्या नेमके उलट चालते! आणि जे आठवणारच नाही ते बाहेर ठेवायचे: वही, भिंतीवरचा तक्ता, गजर. ब्रिटनमध्ये मेंदूला इजा झालेल्या १४३ जणांना पेजरवर आठवण करून देणारे संदेश पाठवून पाहिले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात प्रयोग पूर्ण करणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणांची रोजची कामे लक्षणीयरीत्या अधिक पार पडू लागली. आज प्रत्येकाच्या खिशात त्याहून सरस यंत्र आहे. ते त्या माणसासाठी लावून देणारे आणि त्याची सवय होईपर्यंत सोबत बसणारे कुणी नाही.

कामात मध्येच हरवणाऱ्यांना टप्पे पाडून काम करण्याची रीत शिकवतात: थांबायचे, काय करायचे आहे ते मोठ्याने म्हणायचे, पायऱ्या लिहायच्या, एक पायरी झाली की खूण करायची, मग मूळ उद्देशाशी ताडून बघायचे. शब्द गमावलेल्यांसाठी स्पीच थेरपी असते, तिच्याकडे मी पुढे येते. संगीताचाही उपयोग दिसला आहे. हेलसिंकीत ६० रुग्णांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दोन महिने रोज आवडीचे संगीत ऐकणाऱ्यांचे शब्दांचे स्मरण आणि लक्ष, बोलकी पुस्तके ऐकणाऱ्यांपेक्षा आणि काहीच न ऐकणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारले. अभ्यास लहान होता, पण इतक्या निरुपद्रवी गोष्टीसाठी वॉर्डात कुणी हेडफोन लावून द्यायलाही तयार नसावे, याचे मला वाईट वाटते.

तिसरी तक्रार: ‘सहा महिने उलटले, आता जे आहे ते आहे.’ हे वाक्य ऐकून कुटुंबे प्रयत्न सोडून देतात. सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते, हे खरे. त्यानंतर दार बंद होते, हे खरे नाही. जर्मनीत पक्षाघात होऊन सहा महिने किंवा अधिक काळ लोटलेल्या, वाचा गेलेल्या १५६ जणांपैकी निम्म्यांना लगेच किमान तीन आठवडे, आठवड्याला किमान १० तास स्पीच थेरपी देण्यात आली, निम्म्यांना थांबायला सांगितले. रोजच्या संवादात त्यांच्यात खरी सुधारणा झाली आणि नुसती वाट पाहणाऱ्या गटात ती झाली नाही. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झाले. इथे तासांना महत्त्व आहे. आठवड्यातून एकदा अर्धा तास देऊन ‘फायदा होत नाही’ म्हणणे म्हणजे अर्धा डोस देऊन औषधाला नावे ठेवण्यासारखे आहे. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२३ मध्ये सांगितले की ज्यांना गरज आहे त्यांना सगळ्या प्रकारांचे मिळून पुनर्वसन दिवसाला किमान तीन तास, आठवड्यातून किमान पाच दिवस मिळावे. तुमच्या वेळापत्रकात आकलनाच्या वाट्याला काय येते, ते एकदा बघा.

चौथी, मोबाइलच्या कोड्यांची. कोडी सोडवून माणूस कोडी सोडवण्यात तरबेज होतो. तो गॅस बंद करायला विसरणार नाही, याची खात्री त्यातून मिळत नाही. मेंदूचे खेळ विकणाऱ्या ल्युमॉसिटीच्या कंपनीला, पक्षाघातानंतरच्या अडचणींसह अनेक बाबतींत पुराव्याविना दावे केल्याच्या आरोपावरून २०१६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगापुढे २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावे लागले. थेरपिस्टने नेमून दिलेला आणि तिच्या देखरेखीखालचा संगणकावरचा सराव मी नाकारत नाही. पण ‘ॲप घ्या’ म्हणून हात झटकण्याला उपचार म्हणू नका.

यावर तुमच्याकडून येणारा युक्तिवाद मला माहीत आहे: पुरावा कच्चा आहे. हो, बराचसा कच्चा आहे. झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रन संस्थेच्या आढाव्यांत लक्षाच्या सरावाचा तात्पुरता फायदा दिसतो, तो टिकतो की नाही हे स्पष्ट नाही. स्मरणाच्या प्रशिक्षणानंतर रुग्ण काही काळ कमी अडचणी सांगतात, दूरचा परिणाम दिसत नाही. डावीकडच्या दुर्लक्षावरच्या उपायांबाबत २०२१ च्या आढाव्याने खात्रीने काहीच सांगता येत नाही असे म्हटले. मी हे लपवत नाही. पण पुरावा कच्चा का आहे? कारण अभ्यास लहान आहेत, आणि ते लहान आहेत कारण या प्रश्नाला कधी पैसा आणि माणसे मिळालीच नाहीत. स्कॉटलंडमध्ये रुग्ण, त्यांची काळजी घेणारे आणि आरोग्यसेवक यांना एकत्र बसवून पक्षाघातानंतरच्या आयुष्याबद्दल कशावर संशोधन व्हावे, असे विचारले गेले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या यादीत पहिला क्रमांक होता आकलन सुधारण्याचे मार्ग. ज्यांना भोगावे लागते त्यांनी तेव्हाच सांगून ठेवले आहे. आणि असा कच्चेपणा दिसला म्हणून टॉनिकची गोळी बंद झाली नाही, थेरपी तेवढी झाली, हे मला पटत नाही.

पाचवी तक्रार थोडक्यात. घरच्यांना काही शिकवले जात नाही. खाटेवरून उठवायचे कसे, हे परिचारिकेने आम्हाला दोनदा दाखवले. डाव्या बाजूने बोलावे की उजव्या, सूचना एका वेळी किती द्याव्यात, थकवा आल्यावर सराव थांबवावा की रेटावा, चष्मा आणि श्रवणयंत्र चाचणीच्या वेळी तरी लावले होते का, यांतले एकही कुणी सांगितले नाही. ताई चिडायची तेव्हा आम्ही तिच्याशी वाद घालत बसलो. आजाराने आणलेले वागणे आम्ही स्वभावाच्या खात्यावर टाकले, ते माहितीअभावी.

म्हणून आमच्या मागण्या अशा:

१. पक्षाघाताच्या प्रत्येक रुग्णाची डिस्चार्जपूर्वी आकलनाची रीतसर चाचणी व्हावी, आणि घरी गेल्यावर काही महिन्यांनी ती पुन्हा व्हावी. चाचणीचे नाव आणि निकाल डिस्चार्जच्या कागदावर लिहावा. नुसते ‘ठीक’ चालणार नाही.

२. चालणे आणि कपडे घालणे एवढ्यावर पुनर्वसन संपवणारा नियम मागे घ्यावा. रुग्णाच्या स्वतःच्या आयुष्यात जे काम महत्त्वाचे आहे, ते करता येण्याकडे प्रगती मोजावी. बंद केलेली सत्रे पुन्हा सुरू करावीत.

३. प्रत्येक पक्षाघात विभागात आकलनाचे पुनर्वसन जाणणारा ऑक्युपेशनल थेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट आणि न्यूरोसायकॉलॉजिस्ट (मेंदूच्या इजेचा विचार आणि वागण्यावरचा परिणाम तपासणारा तज्ज्ञ) यांच्यापर्यंत रुग्ण पोहोचेल अशी ठरलेली वाट असावी. जिथे माणसे कमी आहेत तिथे गटसत्रे आणि व्हिडिओवरून सत्रे घ्यावीत, पण ‘आमच्याकडे नाही’ म्हणून फाइल बंद करू नये.

४. विमा अधिकाऱ्यांनी हालचाल आणि आकलन यांचा विचार स्वतंत्रपणे करावा. पाय सुधारला हे भाषेची किंवा लक्षाची थेरपी नाकारण्याचे कारण असू शकत नाही. सहा महिन्यांची सरसकट मर्यादा काढावी.

५. सोबतच्या व्यक्तीला डिस्चार्जपूर्वी निदान एक पूर्ण तास प्रशिक्षण द्यावे, आणि फॉलोअपमध्ये तिचे म्हणणे स्वतंत्रपणे नोंदवावे.

६. टॉनिक म्हणून औषध लिहायचेच असेल तर त्याचा पुरावा काय आहे, हे कुटुंबाला आधी स्पष्ट सांगावे.

यांतल्या पहिल्या आणि पाचव्या मागणीला नवे यंत्र लागत नाही, इमारतही लागत नाही. ठरवले तर त्या पुढच्या रुग्णापासून सुरू करता येतील. बाकीच्यांना वेळ लागेल, तर किती लागेल ते तारखेसह सांगा. जी मागणी मान्य नसेल तिचे कारण लेखी द्या, म्हणजे त्यावर पुढे बोलता येईल.

आपली,
पक्षाघातातून सावरणाऱ्या एका मुद्रितशोधकाची धाकटी बहीण